ब्रिटनचे पेपर: कोण कुणाचा, कोण कुणाच्या बाजूचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने आलेल्या काकू, नुकतेच मास्टर्सला येऊन दाखल झालेले विद्यार्थी आणि पुण्याहून व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या तिकडचे पेपर असं काहीही कसं छापतात हो?’ असं विचारणारे मामा, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर वेळी फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं.

इथले ‘राष्ट्रीय’ पेपर म्हणजे नेमके कोणते?

रात्री छापून सकाळी कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत पोचणारे. देश लहान, रेल्वे लवकर आली आणि छापायची भाषा एकच. लंडनला छापलेले गठ्ठे रात्रीच्या गाडीत पडायचे आणि न्याहारीच्या वेळी दूरच्या गावातही पेपर दारात असायचा. आपल्याकडे अंतर आणि भाषा दोन्ही आडवी आली. त्यामुळे मराठी घरात पेपर म्हटलं की आधी आपल्या जिल्ह्याचं पान डोळ्यांपुढे येतं. इथे स्थानिक पेपर कायम धाकटा भाऊच राहिला.

नावं सांगायची तर टाइम्स, डेली टेलिग्राफ, गार्डियन, फायनान्शियल टाइम्स, डेली मेल, डेली एक्सप्रेस, डेली मिरर, सन, डेली स्टार आणि द आय पेपर. डाव्यांचा मॉर्निंग स्टार अजून तग धरून आहे. इंडिपेंडंट मार्च २०१६ पासून फक्त ऑनलाइन आहे.

रविवारचा मामला वेगळा. संडे टाइम्स म्हणजे टाइम्सची रविवारची आवृत्ती असं आपण धरून चालतो, पण हे दोन पेपर एका मालकाकडे आले ते थेट १९६६ मध्ये. त्याआधी नावापलीकडे दोघांचा काही संबंध नव्हता. आणि स्कॉटिश माणसासमोर ‘राष्ट्रीय पेपर’ हा शब्द जपून वापरा. त्यांचे स्कॉट्समन, हेराल्ड आणि डेली रेकॉर्ड आहेत. ‘राष्ट्र कोणतं?’ हा तिथे नुसता भाषेचा प्रश्न नाही.

टॅब्लॉइड आणि ब्रॉडशीट यात फरक काय? नुसता आकाराचा?

एकेकाळी आकाराचाच होता. टॅब्लॉइड हा शब्द मुळात औषधाच्या दुकानातला. बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये आपल्या दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदवलं. पुढे ‘मोठं काहीतरी लहान करून दिलेलं’ अशा अर्थाने ते पेपरला चिकटलं. ब्रॉडशीट म्हणजे दोन्ही हात पसरल्याशिवाय न उघडणारा. गच्च भरलेल्या ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, तो वाचून बघा, शेजाऱ्याच्या नाकाला पान लागणारच.

आता आकारावरून काही कळत नाही. टाइम्स २००४ मध्ये पूर्णपणे लहान झाला, गार्डियन २०१८ मध्ये. मोठ्या आकारात टेलिग्राफ, फायनान्शियल टाइम्स आणि रविवारी संडे टाइम्स, एवढेच उरलेत. म्हणून लोक ‘रेड टॉप’ म्हणतात. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव असणारे सन, मिरर, स्टार. मेल आणि एक्सप्रेस मधल्या पायरीवर. फायनान्शियल टाइम्स लांबूनच ओळखू येतो, कारण १८९३ पासून तो गुलाबीसर कागदावर छापतात.

पण रेड टॉप म्हणजे टाकाऊ, असं समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांचं आसन डळमळायला लागलं तेव्हा डेली स्टारने काय केलं? सुपरमार्केटमधून ६० पेन्सचा एक लेट्यूसचा गड्डा आणला, त्याला विग आणि डोळे लावले आणि कॅमेरा लावून ठेवला: आधी कोण सुकतं, गड्डा की पंतप्रधान? आठवड्याच्या आत ट्रस यांनी राजीनामा दिला. भाजी अजून बऱ्यापैकी हिरवी होती. मूळ कल्पना इकॉनॉमिस्ट साप्ताहिकातल्या एका उपमेची. पण तिथे ते एक वाक्य होतं. स्टारने त्याचा तमाशा केला आणि लोकांच्या लक्षात राहिला तो तमाशाच.

हातातल्या पेपरवरून माणूस ओळखतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी. ‘गार्डियन वाचणारा’ हे इथे वर्णनही आहे आणि टोमणाही: शिक्षक किंवा समाजसेवेतला, डावीकडे झुकलेला, ओट मिल्कवाला. ‘टेलिग्राफ वाचणारा’ म्हणजे गावाकडे घर असलेला, निवृत्त, हुजूर पक्षाचा. मिरर म्हणजे मजूर पक्षाचं कामगार घर. आपल्याकडे आडनाव ऐकून लोक जो हिशोब मांडतात, तो इथे पेपर बघून मांडतात. आणि दोन्हीकडे तो तितकाच चुकतो.

पेपर इतक्या उघडपणे एका पक्षाची बाजू कशी घेतात? हे चालतं?

चालतं. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो पडतो टीव्हीमुळे. इथल्या टीव्ही आणि रेडिओच्या बातम्यांना निःपक्षपातीपणाचं कायदेशीर बंधन आहे आणि ऑफकॉम ही नियामक संस्था त्यावर नजर ठेवते. छापील पेपरला असं बंधन अजिबात नाही. बातमी खरी असावी एवढीच अपेक्षा, कौल कुणाला द्यायचा तो पेपरचा प्रश्न. निवडणुकीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ‘अमक्याला मत द्या’ असं पहिल्या पानावर सरळ लिहितात. काकूंना हे पाहून धक्का बसतो. मला मात्र, खरं सांगू, हे जास्त प्रामाणिक वाटतं. निःपक्षपातीपणाचा सदरा घालून आतून एकाचंच काम करणाऱ्यापेक्षा दारावर पाटी लावलेला बरा.

अर्थात पाटी लावली म्हणून पाप धुतलं जात नाही. २५ ऑक्टोबर १९२४ रोजी, मतदानाला चार दिवस असताना, डेली मेलने ‘झिनोव्हिएव्ह पत्र’ छापलं. मॉस्को ब्रिटनमधल्या कम्युनिस्टांना चिथावतंय, असा त्याचा मजकूर. मजूर पक्षाचं सरकार त्या निवडणुकीत गेलं. ते पत्र बनावट होतं, असंच इतिहासकार आता मानतात. त्याच पेपरचे मालक लॉर्ड रॉदरमियर यांनी जानेवारी १९३४ मध्ये ब्रिटिश फॅसिस्टांचं कौतुक करणारा ‘हुर्रा फॉर द ब्लॅकशर्ट्स’ हा लेख स्वतःच्या नावाने लिहिला. अलीकडचं बघायचं तर मेलचाच ४ नोव्हेंबर २०१६ चा अंक. ब्रेक्झिटची प्रक्रिया संसदेला विचारल्याशिवाय सुरू करता येणार नाही, असा निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांचे फोटो आणि खाली मथळा: ‘जनतेचे शत्रू’.

१९३१ मध्ये हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी पेपरच्या मालकांना भर सभेत सुनावलं होतं की यांना सत्ता हवी, पण जबाबदारी नको, आणि हा तर युगानुयुगे वेश्येचा विशेषाधिकार. हे वाक्य त्यांना त्यांचे मावसभाऊ रुडयार्ड किपलिंग यांनी पुरवलं असं सांगतात. किपलिंग जन्माने आपल्या मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातले. तेव्हा त्या वाक्यावर थोडा हक्क आपलाही.

मग निवडणूक पेपर जिंकून देतात का?

एप्रिल १९९२ मध्ये हुजूर पक्षाचे जॉन मेजर अनपेक्षितपणे जिंकले तेव्हा सनने ‘हे सननेच जिंकून दिलं’ असा मथळा मुद्दाम गावठी इंग्रजीत छापला होता. पाच वर्षांनी तोच सन मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या मागे उभा राहिला. माझं मत विचाराल तर सन निवडणूक जिंकून देत नाही, तो वारा पाहून पाठ देतो. सर्वांत गमतीचा नमुना २०१५ चा. लंडनच्या सनने हुजूर पक्षाला कौल दिला आणि त्याच दिवशी त्याच मालकाच्या स्कॉटिश सनने स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादी एसएनपीला. वाचक जसा, तसा अग्रलेख.

पेपरचा खरा परिणाम मतदानाच्या दिवशी दिसत नाही, तो चार वर्षं रोज झिरपत असतो. कशाला ‘प्रश्न’ म्हणायचं, कुठल्या गोष्टीची भीती बाळगायची, हे ते ठरवतात. आणि टीव्ही भले निःपक्षपाती असेल, पण रात्री उशिराच्या बातम्यांत उद्याच्या पेपरांची पहिली पानं दाखवून त्यावरच चर्चा चालते. म्हणजे विषयपत्रिका पेपरचीच.

मालक कोण आहेत?

बहुतेक खप तीन घरांत जातो. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीकडे सन, टाइम्स आणि संडे टाइम्स. रॉदरमियर घराण्याकडे मेल, आय आणि फुकट वाटला जाणारा मेट्रो. रीच कंपनीकडे मिरर, एक्सप्रेस आणि स्टार. मिरर डावा आणि एक्सप्रेस कट्टर उजवा, आणि २०१८ पासून दोघांचा धनी एक! सासू-सुनेला एकाच चुलीवर स्वयंपाक करायला लावण्यातला प्रकार.

फायनान्शियल टाइम्स २०१५ मध्ये जपानच्या निक्केईने घेतला. टेलिग्राफच्या विक्रीचा घोळ २०२३ पासून गाजला. अबू धाबीचा पैसा येतोय म्हटल्यावर गदारोळ झाला आणि २०२४ मध्ये परदेशी सरकारांच्या मालकीवर बंदी घालणारा कायदा आला. गार्डियनला मात्र धनी नाही. १९३६ मध्ये स्थापन झालेला स्कॉट ट्रस्ट तो चालवतो. म्हणून त्यांच्या साइटवर पैसे भरायची सक्ती नसते, पण प्रत्येक लेखाखाली वर्गणीची विनंती असते. गणपतीची पावती घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलांची आठवण येते.

पेपर काढायला सरकारचा परवाना लागतो का?

१६९५ पासून नाही. त्या वर्षी परवान्याचा कायदा संपला आणि संसदेने तो परत आणला नाही. पण सरकार काही हात जोडून बसलं नव्हतं. १७१२ मध्ये पेपरवर मुद्रांक कर बसवला, १८१५ मध्ये तो अंकामागे चार पेन्सवर नेला. उद्देश उघड होता, गरिबाला पेपर परवडूच नये. लोक त्याला ‘ज्ञानावरचा कर’ म्हणत. बिनमुद्रांकाचे पेपर चोरून छापले गेले, विकणारे तुरुंगात गेले. १८५५ मध्ये कर हटला आणि त्याच वर्षी डेली टेलिग्राफ निघाला. १८९६ मध्ये आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी अर्ध्या पेनीला डेली मेल काढला आणि पेपर खऱ्या अर्थाने कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या हातात गेला. आज छापील पेपरवर व्हॅटचा दर शून्य आहे. वर्तुळ पुरं झालं म्हणायचं.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटला मुद्दाम गेलो, तिथे एकही पेपर दिसला नाही!

दिसणार नाही. ‘फ्लीट स्ट्रीट’ हे आता ठिकाण नाही, नुसता शब्द उरलाय. १७०२ मध्ये इंग्लंडचं पहिलं दैनिक, डेली कुरंट, याच भागात निघालं आणि पुढची पावणेतीनशे वर्षं सगळे इथेच होते. वर संपादक, खाली छापखाना, रात्री दहाला यंत्रं सुरू झाली की फूटपाथ थरथरायचा, असं जुने लोक सांगतात.

हे मोडलं १९८६ मध्ये. तोवर खिळे आणि गरम शिसं यांवरच काम चालायचं आणि जुळाऱ्यांच्या युनियन इतक्या जबरदस्त की कोण कामावर येणार हेही त्या ठरवत. मरडॉक यांनी पूर्व लंडनच्या वॉपिंगमध्ये गुपचूप नवा संगणकीकृत छापखाना उभा केला. जानेवारीत संप झाला आणि सुमारे सहा हजार कामगारांना एका फटक्यात काढलं. वर्षभर फाटकाबाहेर निदर्शनं चालली, घोडेस्वार पोलीस, रात्री निघणारे ट्रक. एकही दिवस पेपर बंद पडला नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये युनियननी माघार घेतली. गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या गिरणगावच्या माणसाला वॉपिंगची गोष्ट फारशी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे एकेक पेपर तिथून हलला. २००५ मध्ये रॉयटर्सही गेलं. आता बघायला जायचं तर काळ्या काचेची एक्सप्रेसची १९३२ ची इमारत आणि पत्रकारांचं सेंट ब्राइड्स चर्च.

फोन हॅकिंगचं प्रकरण काय होतं?

न्यूज ऑफ द वर्ल्ड नावाचा रविवारचा पेपर होता. १९५० च्या सुमारास खप ८० लाखांवर. या पेपरची माणसं इतरांच्या मोबाइलवरचे निरोप चोरून ऐकत. सिनेनट आणि राजघराण्याचे निरोप ऐकले, तोवर लोकांनी मान हलवून सोडून दिलं. जुलै २०११ मध्ये गार्डियनने छापलं की २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोपही यांनी ऐकले होते. मग मात्र देश पेटला. जाहिरातदार पळाले आणि आठवड्याच्या आत, १० जुलैला, १६८ वर्षांच्या पेपरचा शेवटचा अंक निघाला. माजी संपादक अँडी कुल्सन, जे मधल्या काळात पंतप्रधान कॅमेरॉन यांचे माध्यमप्रमुख होते, २०१४ मध्ये तुरुंगात गेले.

चौकशीला न्यायमूर्ती लेव्हिसन बसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये जवळजवळ दोन हजार पानांचा अहवाल आला. चौकशीचा दुसरा भाग, म्हणजे पोलीस आणि पेपर यांच्या साटंलोट्याचा, २०१८ मध्ये सरकारने गुंडाळला.

पेपरने चुकीचं छापलं तर तक्रार कुठे करायची?

आधी पेपरकडे. दाद नाही मिळाली तर इप्सोकडे, हे २०१४ पासूनचं मंडळ. चार महिन्यांच्या आत तक्रार करा, खर्च काही नाही. पण हे मंडळ पेपरवाल्यांनी स्वतःच उभं केलेलं आहे, आणि गार्डियन व फायनान्शियल टाइम्स त्यात नाहीत. ते आपापल्या पातळीवर तक्रारी बघतात. दुरुस्ती छापली जाते, बहुधा आतल्या पानावर, दोन बोटं रुंदीची.

लिव्हरपूलच्या दुकानांत सन का मिळत नाही?

काही ठिकाणी मिळतो, पण बरेच दुकानदार ठेवतच नाहीत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक मेले. मृतांचा आकडा आज ९७ धरतात. चौथ्या दिवशी सनने ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्याच लोकांनी मेलेल्यांचे खिसे मारले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. पहिल्या पानावर माफी आली ती २०१२ मध्ये. २०१६ मध्ये ज्युरीने स्पष्ट सांगितलं की चूक प्रेक्षकांची नव्हती. मुलाच्या पिढीनेही हा पेपर घरात आणलेला नाही. तिथल्या टॅक्सीत बसून सनचा विषय काढू नका.

एखाद्याला अटक झाली की बातम्या अचानक कोरड्या का होतात?

न्यायालयाच्या अवमानाचा १९८१ चा कायदा. अटक झाली की प्रकरण ‘चालू’ मानलं जातं आणि ज्युरीचं मन कलुषित होईल असं काही छापलं तर संपादकावर खटला. कालपर्यंत ओरडणारा पेपर आज नाव, वय, गाव, कोर्टाची तारीख एवढंच देतो. आपल्याकडच्या चॅनलवर रात्री नऊला निकाल लागतो. त्याची सवय असलेल्याला हे अळणी लागतं.

दुसरा धाक अब्रुनुकसानीचा. इंग्लंडमध्ये छापलेलं खरं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्यावर असते. श्रीमंत लोक याचा पुरेपूर फायदा घेतात.

टिळकांनी लंडनमध्ये खटला भरला तो याच कायद्याखाली ना?

हो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला मी चहा पाजला. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे आपण शाळेत गौरवाने घोकतो, पण ते शब्द शिवी म्हणून आले होते. व्हॅलेंटाइन चिरोल हे टाइम्सच्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख. भारतावर त्यांनी टाइम्समध्ये लेखमाला लिहिली आणि १९१० मध्ये तिचं पुस्तक निघालं, ‘इंडियन अनरेस्ट’. त्यात टिळकांना असंतोषाचा बाप ठरवून रँड आणि जॅक्सन यांच्या खुनांचा शिंतोडाही त्यांच्यावर उडवला होता.

टिळकांनी दावा लावला आणि १९१८ मध्ये स्वतः लंडनला आले. १९१९ च्या सुरुवातीला सुनावणी झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, समोर एडवर्ड कार्सन. टिळक हरले, वर प्रतिपक्षाचा खर्चही अंगावर पडला. राजद्रोहाची शिक्षा भोगून आलेल्या हिंदी पुढाऱ्याची ‘अब्रू’ इंग्रज ज्युरी किती मोलाची धरणार, हे आधीच दिसत होतं. पण दोन पेपर चालवणारा संपादक इंग्रजांच्या सर्वांत वजनदार पेपरच्या माणसाला इंग्रजांच्याच कोर्टात खेचतो, यातली गंमत हरण्याने कमी होत नाही. ज्याने हिणवायला पदवी दिली त्याचं नाव आज इथे कुणाला माहीत नाही. पदवी आपल्याकडे अजून चालू आहे.

टाइम्स आणि टाइम्स ऑफ इंडिया एकाच घरचे?

नाही. लंडनचा १७८५ चा, मुंबईचा १८३८ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून सुरू झालेला. नावाचं अनुकरण, एवढंच.

फुकटात वाचायचं तर?

मेट्रो हा पेपर स्टेशनात रचून ठेवलेला असतो. बाकीच्यांसाठी गावच्या लायब्ररीचं कार्ड काढा; बहुतेक ठिकाणी त्यावर ॲपमधून रोजचे पेपर वाचता येतात आणि अनेक लायब्रऱ्यांत टाइम्सचे थेट १७८५ पासूनचे जुने अंकही. चिरोल खटला शोधायचा असेल तर १९१९ चा जानेवारी-फेब्रुवारी उघडा. पहिल्या पानावर काही सापडणार नाही. १९६६ पर्यंत टाइम्सच्या पहिल्या पानावर बातम्या नसायच्याच, छोट्या जाहिराती असायच्या. आत, कोर्टाच्या रकान्यात शोधा.